तळे राखणारे तिघे

राज्यशास्त्र हा विषय मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीच्या मुलांना एकतीस वर्षे शिकवला. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी अमेरिकेच्या राज्यघटनेचा धडा येई. माझी पद्धत ठरलेली होती. फळ्यावर तीन चौकटी काढावयाच्या. पहिलीत लिहावयाचे कायदेमंडळ, दुसरीत कार्यकारी मंडळ, तिसरीत न्यायमंडळ. आणि मधल्या जागेत खडूने दोन जाड भिंती ओढावयाच्या. "पहिला कायदा करतो, दुसरा राबवतो, तिसरा त्याचा अर्थ लावतो. कोणी कोणाच्या घरात पाऊल टाकावयाचे नाही. याला सत्ताविभाजन म्हणतात. लिहून घ्या." मुले लिहून घेत, परीक्षेत तसेच्या तसे उतरवीत, आणि मी पाचापैकी पाच गुण देई.

एके वर्षी खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, या तिघांचं भांडण झालं तर मिटवायचं कोणी?" तास संपत आला होता. "ते परीक्षेला येत नाही. बस खाली," मी म्हटले. वर्ग हसला. ती बसली. खरी गोष्ट अशी, की मला उत्तर येत नव्हते. शिक्षकाला उत्तर येत नाही तेव्हा तो परीक्षेच्या आड लपतो, हे आमच्या धंद्यातले जुने कसब आहे.

निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीला जाण्याचा योग आला. तेथून फिलाडेल्फिया जवळ. ज्या इमारतीत ही घटना झाली ती पाहून घ्यावी म्हणून एका सकाळी गेलो. आज तिला इंडिपेन्डन्स हॉल म्हणतात; तेव्हा ते पेनसिल्व्हानिया प्रांताचे सरकारी भवन होते. खोली पाहून मी थोडा हिरमुसलोच. कोठे भव्य घुमट, कोठे सिंहासनासारखी आसने, असे काही डोळ्यांपुढे होते. प्रत्यक्षात हिरवी कापडे अंथरलेली टेबले, साध्या लाकडी खुर्च्या, आणि समोर अध्यक्षांची एक उंच पाठीची खुर्ची. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. परिषदेच्या अखेरच्या दिवशी म्हाताऱ्या फ्रँकलिनने तिच्याकडे बोट दाखवून म्हटले, की हा सूर्य उगवतो आहे की मावळतो आहे, हे इतके दिवस मला कळत नव्हते. आता कळले, तो उगवता आहे. ही गोष्ट तेथला मार्गदर्शक प्रत्येक तुकडीला सांगतो आणि ती खरीही आहे. पण माझ्या मनात राहिले ते "इतके दिवस कळत नव्हते" हे शब्द. एक्याऐंशी वर्षांच्या, जग पाहिलेल्या त्या माणसालासुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत शंका होती! माझ्या फळ्यावर तर कसलीच शंका नसे.

परत आल्यावर जेम्स मॅडिसनने त्या परिषदेत लिहून ठेवलेली टिपणे मिळवली आणि वाचत बसलो. वाचता वाचता माझ्या तीन चौकटी पुसल्या गेल्या.

मुळात ही माणसे जमली कशासाठी? इंग्लंडच्या राजाशी लढून अमेरिकेतील तेरा वसाहती मोकळ्या झाल्या होत्या. राजाने इतके पोळले होते, की स्वातंत्र्यानंतरचा पहिला कारभार त्यांनी ताकही फुंकून प्यावे तसा मांडला. १७८१ मध्ये अमलात आलेल्या त्यांच्या करारात देशाला कार्यकारी प्रमुख नव्हता आणि देशाची म्हणावी अशी न्यायालयेही नव्हती. होती फक्त एक काँग्रेस, आणि तिच्यात लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत. ही काँग्रेस कर बसवू शकत नसे. राज्यांकडे वर्गणी मागे. वर्गणी मागणाऱ्याची जी दशा होते ती तिची झाली. करारात दुरुस्ती करावयाची तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. आयातीवर थोडा कर बसवावा असा प्रस्ताव निघाला, तर इवल्याशा र्‍होड आयलंडने नकार दिला आणि विषय संपला. लढाईत रक्त सांडलेल्या शिपायांचे पगार थकले. १७८६च्या अखेरीस मॅसेच्युसेट्समध्ये कर्जाखाली पिचलेले शेतकरी शस्त्रे घेऊन न्यायालये बंद पाडू लागले, तेव्हा शहाण्या लोकांचे डोळे उघडले. राजा नको हे ठीक. पण घराला कर्ता पुरुषच नको, हे चालेना.

२५ मे १७८७ रोजी परिषदेचे काम सुरू झाले आणि १७ सप्टेंबरला संपले. बारा राज्यांतून पंचावन्न प्रतिनिधी येऊनजाऊन होते. र्‍होड आयलंडने कोणी पाठवलाच नाही. चर्चा गुप्त ठेवावयाची असे ठरले. बाहेर पहारा आणि आत ऐन उन्हाळ्यात जाड कपड्यांतली, टोप घातलेली ती माणसे. मॅडिसन मात्र पुढे बसून रोजचे रोज टिपून घेत होता. त्याची टिपणे छापली गेली १८४० मध्ये, म्हणजे तो वारल्यावर चार वर्षांनी. तोवर परिषदेतला एकही माणूस जिवंत नव्हता.

या टिपणांतला मला सर्वांत आवडलेला प्रसंग १ जूनचा आहे. कार्यकारी सत्तेचा विषय निघाला. पेनसिल्व्हानियाच्या जेम्स विल्सनने प्रस्ताव मांडला, की ही सत्ता एकाच माणसाच्या हाती असावी. आणि खोलीत शांतता पसरली. मॅडिसनने ती शांतताही टिपून ठेवली आहे. बोलावयास कोणी तयार नाही. का, ते कळणे अवघड नाही. ज्या एका माणसाशी सारा देश झगडला, तशाच एकाला पुन्हा गादीवर बसवा, हे म्हणावयाचे कोणी? आणि उलट बोलावे तरी पंचाईत; कारण असा एक माणूस नेमावयाचा झाला तर तो कोण, हे सर्वांना ठाऊक होते, आणि तो जॉर्ज वॉशिंग्टन तेथेच बसलेला होता! शेवटी फ्रँकलिननेच सांगितले, की विषय महत्त्वाचा आहे, मते मांडा. मग व्हर्जिनियाचा रँडॉल्फ उठला आणि एकाच्या हाती सत्ता म्हणजे राजेशाहीचा गर्भ, असे म्हणाला. देशाच्या तीन भागांतून तीन माणसे घ्यावीत असे त्याचे मत होते. तीन दिवसांनी मते मोजली. सात राज्ये एका माणसाच्या बाजूने, तीन विरुद्ध. आज ज्या पदाकडे सारे जग पाहते, त्याचा जन्म हा असा, आधी शांततेत आणि मग साशंक बहुमतात झाला.

एक माणूस ठरला. पण त्याला निवडावयाचे कोणी? येथे परिषदेची जी फरफट झाली ती वाचताना हसू येते आणि पुढच्याच क्षणी आपल्याला तरी काय सुचले असते, असेही वाटते. कायदेमंडळाने निवडावे, तर तो कायदेमंडळाचा मिंधा होणार. मिंधेपणा टाळावयाचा तर त्याला पुन्हा उभे राहू देऊ नये. पुन्हा उभे राहावयाचे नसेल तर तो चांगले काम करील कशाला? लोकांनी थेट निवडावे, असे विल्सनचे म्हणणे. पण त्या काळी जॉर्जियाच्या शेतकऱ्याला न्यू हॅम्पशरचा माणूस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुदत सात वर्षे ठरली, बदलली, पुन्हा सात झाली. आज ठरवलेले उद्या मोडावयाचे, असे अख्खा उन्हाळा चालले. अखेर ४ सप्टेंबरला, म्हणजे परिषद उठण्यापूर्वी दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, एका समितीने तोडगा आणला: मुदत चार वर्षे, आणि निवड करावयाची ती केवळ त्या कामापुरत्या नेमलेल्या निर्वाचकांनी. प्रत्येक राज्याला जितके प्रतिनिधी आणि सिनेटर, तितके निर्वाचक. थकलेल्या माणसांनी तो मान्य केला. घटनेतली ही जगप्रसिद्ध तरतूद, जिच्यामुळे देशभरात कमी मते मिळालेला उमेदवारही कधी कधी अध्यक्ष होतो, ती खोल विचारापेक्षा दमछाकीतूनच अधिक निघाली, असे माझे मत आहे.

या हिशेबात एक काळी बाजू आहे आणि ती सणाच्या दिवशीसुद्धा झाकून ठेवता येत नाही. कोणत्या राज्याचे प्रतिनिधी किती, हे लोकसंख्येवर ठरणार होते. मग दक्षिणेकडच्या गुलामांना लोकांत धरावयाचे की नाही? त्यांना मत नाही, हक्क नाही, स्वतःच्या देहावर मालकी नाही. पण मालकांच्या राज्याची जागा वाढवावयास त्यांची संख्या मात्र हवी. तडजोड निघाली: पाच गुलाम म्हणजे तीन माणसे. त्यामुळे दक्षिणेचे प्रतिनिधी वाढले आणि पर्यायाने निर्वाचकही वाढले. 'गुलाम' हा शब्द मात्र मूळ घटनेत कोठेही नाही. 'इतर सर्व व्यक्ती' असे म्हणून वेळ मारून नेली आहे. 'गुलामगिरी' हा शब्द घटनेत आला १८६५ मध्ये, ती बंद करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीतच; आणि मध्ये एक भयंकर यादवी युद्ध होऊन गेले होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. ते पुस्तक मी शिकवलेले होते आणि ही घटनाही शिकवलेली होती; पण एकाची अर्पणपत्रिका दुसरीच्या कोणत्या कलमाला जाऊन भिडते, हे मला त्या वयात कधी सुचले नाही.

घटनेचा मूळ मजकूर साडेचार हजार शब्दांच्या आसपास भरतो. चर्मपत्राच्या चार मोठ्या पानांवर तो हाताने लिहिला आहे आणि ही पाने आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काचेखाली आहेत. त्यातला जवळजवळ निम्मा मजकूर पहिल्या कलमाचा, म्हणजे काँग्रेसचा. ते साहजिक होते. कायदेमंडळ म्हणजे काय, हे त्या साऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. लोकांनी दोन वर्षांसाठी निवडलेले प्रतिनिधिगृह लोकसंख्येच्या प्रमाणात. आणि सहा वर्षे मुदतीचे सिनेट, ज्यात प्रत्येक राज्याला सारख्या दोन जागा. मोठ्या आणि लहान राज्यांची ही भाऊबंदकी १६ जुलैला एका मताच्या फरकाने मिटली: पाच राज्ये बाजूने, चार विरुद्ध, मॅसेच्युसेट्स आपसांत दुभंगलेले. सिनेटर तेव्हा राज्यांची कायदेमंडळे निवडीत. लोकांना तो हक्क मिळावयास १९१३ साल उजाडावे लागले.

दुसरे कलम अध्यक्षाचे. त्यात निवडणुकीचा तपशील पुष्कळ, अधिकारांचा त्या मानाने थोडा. पहिल्या कलमाची सुरुवात अशी आहे, की 'येथे दिलेले' कायद्याचे सर्व अधिकार काँग्रेसकडे राहतील. दुसरे कलम म्हणते, कार्यकारी सत्ता अध्यक्षाकडे राहील. 'येथे दिलेले' हे शब्द दुसऱ्यात नाहीत. ते मुद्दाम वगळले, की राहून गेले? या एका गाळलेल्या शब्दप्रयोगावर अमेरिकेतले वकील दोनशेहून अधिक वर्षे भांडत आले आहेत. आणि तिसरे कलम न्यायालयाचे, ते तर थोडक्यातच आटोपले आहे. एक सर्वोच्च न्यायालय असेल. खालची न्यायालये काँग्रेस काढील तशी. न्यायाधीश सद्‌वर्तन असेतोवर पदावर राहतील. न्यायाधीश किती, हेसुद्धा सांगितलेले नाही. आरंभी ते सहा होते. आज नऊ आहेत, तेही १८६९ पासून काँग्रेसच्या कायद्याने.

आता माझ्या त्या जाड भिंतींचे पाहा. घटनेत त्या मला कोठे सापडल्याच नाहीत. कायदा काँग्रेसने करावयाचा, पण अध्यक्षाची सही हवी; त्याने नाकारला तर दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा संमत करावयाचा. फौज अध्यक्षाच्या हुकमतीत, पण युद्ध पुकारावयाचे काँग्रेसने आणि फौजेचा पैसाही तिनेच द्यावयाचा. तह अध्यक्षाने करावयाचा, पण सिनेटच्या दोन-तृतीयांशांची संमती घेऊन. न्यायाधीश अध्यक्षाने नेमावयाचे, तेही सिनेटच्या संमतीने. अध्यक्ष बिघडला तर प्रतिनिधिगृहाने त्याच्यावर महाभियोग ठेवावयाचा, सिनेटने तो चालवावयाचा आणि त्या वेळी आसनावर सरन्यायाधीशाने बसावयाचे. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याची एक तरी किल्ली आहे. आपल्याकडे म्हण आहे, तळे राखी तो पाणी चाखी. घटनाकारांचा माणसाच्या स्वभावाविषयीचा अंदाज याहून वेगळा नव्हता. राखणदार साधुपुरुष मिळेल, या आशेवर ते राहिले नाहीत. त्यांनी एका तळ्यावर तीन राखणदार बसवले, तिघांनाही तहान आहे हे धरून चालले, आणि एकाने ओंजळ भरली की दुसऱ्याचे लक्ष जाईल अशा जागी तिघांना बसवले.

पगाराची तरतूद पाहावी, म्हणजे ही माणसे किती बारीक विचार करीत ते कळते. अध्यक्षाचा पगार त्याच्या मुदतीत कमीही करावयाचा नाही आणि वाढवावयाचाही नाही. म्हणजे काँग्रेसला त्याला उपाशीही मारता येत नाही आणि लालूचही दाखवता येत नाही. न्यायाधीशाचा पगार मात्र कमी करता येत नाही, वाढवता येतो. असे का? अध्यक्षाची मुदत चार वर्षे. न्यायाधीश जन्मभर बसणार, आणि तेवढ्या काळात महागाई थांबत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला हे कलम विशेष पटले.

महाभियोगाविषयी फ्रँकलिनने जे सांगितले तेही असेच व्यवहारी आहे. ही सोय नव्हती तेव्हा लोक काय करीत? नकोशा सत्ताधीशाचा खून करीत. त्यात माणसाचा जीव जातोच, शिवाय त्याला आपली बाजू मांडण्याची संधीही मिळत नाही! तेव्हा महाभियोग हा सत्ताधीशाच्याही हिताचा आहे, असे त्याचे म्हणणे. प्रत्यक्षात हे शस्त्र फार जड ठरले. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला. पुढे क्लिंटनवर एकदा आणि ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असा दोनदा महाभियोग आला, पण सिनेटमध्ये दोषी कोणीच ठरला नाही.

याच जागी आपल्या घटनेची वाट वेगळी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठाचे जुने नाव किंग्ज कॉलेज. अलेक्झांडर हॅमिल्टन आणि अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे हे तेथलेच विद्यार्थी. म्हणजे ही घटना बाबासाहेबांना घरातल्यासारखी ठाऊक होती, आणि तरीही तिचा अध्यक्ष त्यांनी आपल्याकडे आणला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी कारण सांगितले. लोकशाहीतली कार्यकारी सत्ता स्थिर हवी आणि जबाबदारही हवी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून निघालेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थिरता अधिक आहे, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. तेथे हिशेब मुदत संपली की होतो, येथे प्रश्नांतून, ठरावांतून रोजच्या रोज व्हावयाचा. मसुद्याने जबाबदारी निवडली. आपल्याकडे तो हिशेब रोज होतो का, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या घरी फराळाच्या वेळी काढावा. माझ्या घरी तो काढला की लाडू तसेच राहतात.

असो. कागद तयार झाला, एकोणचाळीस सह्या झाल्या, राज्यांनी तो मान्य केला आणि १७८९ मध्ये कारभार सुरू झाला. आणि मग कळले, की कागदावर जे लिहिले त्याचा अर्थ कोणालाच नक्की ठाऊक नाही. घटना म्हणते, तह करताना अध्यक्षाने सिनेटचा सल्ला आणि संमती घ्यावी. सल्ला घ्यावा म्हणजे काय करावे? वॉशिंग्टन सरळ माणूस. ऑगस्ट १७८९ मध्ये दक्षिणेकडच्या इंडियन जमातींशी करावयाच्या तहाचे कागद घेऊन तो स्वतःच न्यूयॉर्कला सिनेटच्या सभागृहात गेला आणि शेजारी बसला. उपाध्यक्ष ॲडम्सने कागद वाचावयास घेतले. बाहेर रस्त्यावरून गाड्या धडधडत होत्या; काही ऐकू येईना. खिडक्या लावल्या, पुन्हा वाचले. एकेक मुद्द्यावर हो की नाही, असा प्रश्न. सिनेटर गप्प. अखेर मॅक्ले नावाचा पेनसिल्व्हानियाचा सिनेटर उठला आणि मूळ कागद पाहावयास मागू लागला. कोणी म्हणाले, समितीकडे सोपवा. वॉशिंग्टन रागाने उठला आणि म्हणाला, की मग माझ्या येण्याचा हेतूच फसला. हे सारे त्या मॅक्लेच्याच रोजनिशीत आहे. सोमवारी वॉशिंग्टन पुन्हा आला, काम उरकले. पण त्यानंतर असा सल्ला घ्यावयास तो पुन्हा कधी गेला नाही. पुढच्या अध्यक्षांनीही आधी तह करावा आणि मग संमतीसाठी पाठवावा, हीच रीत धरली. घटनेतला 'सल्ला' हा शब्द तेव्हापासून बराचसा शोभेला उरला. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, थोडा राग आणि थोडा संकोच, यांनी जे ठरवले ते कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

न्यायालयाची स्थिती तर केविलवाणी होती. सरन्यायाधीश जॉन जे १७९५ मध्ये पद सोडून न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला. पुढे त्याला पुन्हा बोलावले, तेव्हा त्या न्यायालयाला ना वजन ना प्रतिष्ठा, अशा अर्थाचे लिहून त्याने नकार कळवला. राजधानी वॉशिंग्टनला गेली तेव्हा अध्यक्षासाठी घर होते, काँग्रेससाठी भवन होते. सर्वोच्च न्यायालयाला त्याच भवनातली एक खोली देऊन भागवले. त्याला स्वतःची इमारत मिळाली १९३५ मध्ये.

अशा बिऱ्हाडकरू न्यायालयापुढे त्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा येऊन उभा राहिला. १८००च्या निवडणुकीत अध्यक्ष जॉन ॲडम्स हरला आणि प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन यावयाचा ठरले. मधल्या काही आठवड्यांत ॲडम्सने आपली माणसे जागोजागी बसवून घेतली. परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यालाच त्याने सरन्यायाधीश नेमले, आणि मार्शल काही दिवस दोन्ही कामे पाहत होता. राजधानीत लहानसहान तंटे तोडणाऱ्या न्यायाधिकाऱ्यांच्या बेचाळीस नेमणुका झाल्या. सनदांवर अध्यक्षाची सही झाली, मार्शलने शिक्का मारला, पण घाईगर्दीत काही सनदा ज्याच्या त्याला पोचवावयाच्या राहिल्या. ४ मार्च १८०१ला जेफरसन अधिकारावर आला आणि त्या सनदा देऊ नका म्हणाला. विल्यम मार्बरी नावाच्या एका गृहस्थाची सनद अशी अडकली. त्याने थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की नव्या परराष्ट्रमंत्र्याला माझी सनद देण्याचा हुकूम करा. हा नवा परराष्ट्रमंत्री म्हणजे आपला टिपणे लिहिणारा जेम्स मॅडिसन!

मार्शलची कोंडी पाहा. हुकूम करावा, तर जेफरसन तो मानणार नाही हे उघड. न्यायालयाजवळ ना शिपाई ना पैसा, साऱ्या देशात हसे होणार. हुकूम नाकारावा, तर अध्यक्षाला भ्याले असे होणार. शिवाय ज्या सनदेचा वाद, ती पोचवावयाची हयगय मार्शलच्याच कचेरीतली. आजच्या रीतीने त्याने त्या खटल्यातून दूरच राहावयास हवे होते. जेफरसनच्या बाजूच्या काँग्रेसने तर कायदा करून १८०२ साली न्यायालयाची बैठकच होऊ दिली नाही. निकाल लागला २४ फेब्रुवारी १८०३ रोजी.

साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा तो निकाल आहे. मार्शल म्हणाला, मार्बरीचा सनदेवर हक्क आहे. सरकारने ती अडवली हे बेकायदा आहे. कायद्याने त्याला दाद मिळालीच पाहिजे. पण ती देण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही. कारण असा अर्ज थेट येथे आणण्याची मुभा देणारे १७८९च्या कायद्यातले कलम घटनेच्या तिसऱ्या कलमाशी जुळत नाही, आणि घटनेशी न जुळणारा कायदा हा कायदाच नव्हे. जुळतो की नाही, हे सांगणे न्यायालयाचे काम. जेफरसनला अडवावयास हुकूमच नव्हता; जिंकला होता तोच! काँग्रेसचा कायदा रद्द झाला होता, पण तोही न्यायालयाचाच अधिकार वाढवणारा. तक्रार करावी तरी कोणती? हातातला एक लहानसा अधिकार टाकून मार्शलने त्याच्या बदल्यात सर्वांत मोठा अधिकार उचलला, आणि तो कोणाच्या खिशातून काढला हे कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वी निकाल वाचून संपला. बिचाऱ्या मार्बरीला ते पद कधीच मिळाले नाही.

यावरून न्यायालय थोर आणि बाकीचे दोघे खलपुरुष, असे मी त्या मुलीला सांगितले असते तर तीही लबाडीच झाली असती. काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा हा अधिकार त्यानंतर चोपन्न वर्षे न्यायालयाने वापरलाच नाही. आणि १८५७ मध्ये वापरला तो ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात, काळ्या माणसाला या देशाचा नागरिक होता येत नाही, असे सांगताना. तो निकाल देणाऱ्या सरन्यायाधीश टेनीने १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, लष्कराने डांबलेल्या एका कैद्याला न्यायालयापुढे आणण्याचा हुकूम काढला, तेव्हा लष्कराने तो मानला नाही आणि लिंकनने लष्कराला पाठीशी घातले. त्या दिवशी कागदाचे वजन किती, हे दिसले. आणि १९३७ मध्ये उलटा प्रकार झाला. आपले कायदे रद्द होतात म्हणून संतापलेल्या रूझवेल्टने न्यायाधीशांची संख्या वाढवून आपली माणसे भरण्याचा बेत केला. नुकताच तो प्रचंड मतांनी निवडून आला होता, सिनेटमध्ये त्याच्याच पक्षाची मोठी बहुसंख्या होती, आणि त्याच सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी तो बेत गुंडाळून ठेवला. भिंत नव्हतीच, भिंतीच्या जागी प्रत्येक वेळी माणसे उभी राहिली, किंवा राहिली नाहीत.

आज तो वर्ग पुन्हा भरला तर त्या मुलीला मी २ जून १९५२ची गोष्ट सांगेन. कोरियात लढाई चालू होती. पोलाद कारखान्यांत संप होणार असे दिसताच अध्यक्ष ट्रूमनने ८ एप्रिलला ते कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. काँग्रेसने त्याला तसा अधिकार दिलेला नव्हता. कारखानदार न्यायालयात गेले. त्या वेळच्या नऊ न्यायाधीशांपैकी प्रत्येक जण रूझवेल्टने नाही तर ट्रूमनने नेमलेला. त्यातला एक, टॉम क्लार्क, तर ट्रूमनचा पूर्वीचा ॲटर्नी जनरल. कोणालाही वाटावे, घरचाच मामला. निकाल लागला सहा विरुद्ध तीन, ट्रूमनच्या विरुद्ध. आणि विरुद्ध गेलेल्यांत क्लार्कही होता. मुख्य निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी: कायदा करणे काँग्रेसचे काम आहे, अध्यक्षाचे नव्हे.

ट्रूमनजवळ फौज होती. न्यायालयाजवळ नेहमीप्रमाणे काही नव्हते. ट्रूमन भडकला होता. पण त्याच दिवशी कारखाने मालकांच्या हवाली करण्याचा हुकूम त्याने सोडला. संप झाला आणि पन्नासहून अधिक दिवस चालला.

पुढे ब्लॅक यांनी अध्यक्षाला आणि साऱ्या न्यायाधीशांना आपल्या घरी जेवावयास बोलावले. सुरुवातीला ट्रूमन जरा घुश्शातच होता, असे त्या मेजवानीस हजर असलेल्या न्यायाधीश डग्लसने लिहून ठेवले आहे. मग हातात पेला आला, दोन घोट गेले, आणि ट्रूमन यजमानाला म्हणाला, की ह्यूगो, तुझा कायदा काही मला फारसा पसंत नाही. पण तुझी व्हिस्की मात्र झकास आहे.